ळ, ऱ्य आणि आपली नावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत कार्यकारिणीने माझ्या पानात जो पदार्थ वाढला आहे तो दिसायला अगदी रुक्ष आहे. ‘संगणकावर मजकूर लिहिताना विशेष अक्षरे व चिन्हे कशी उमटवावीत’ हा तो विषय. मी त्यातील ‘विशेष’ या शब्दापाशीच प्रथम थांबणार आहे. कारण माझे सगळे म्हणणे त्या एका शब्दाभोवती फिरणारे आहे.

विशेष म्हणजे कोणाच्या दृष्टीने? ज्यांनी संगणक घडविला त्यांच्या दृष्टीने इंग्रजीची सव्वीस अक्षरे, दहा आकडे आणि विरामचिन्हे एवढी सामान्य. बाकीचे सारे जग विशेष. फ्रेंचांच्या अक्षरावरची तिरकी रेघ विशेष, जर्मनांच्या अक्षरावरची दोन टिंबे विशेष, आणि आपली देवनागरी तर अथपासून इतिपर्यंत विशेष. तो काळ आता सरला. देवनागरी संगणकात स्वतःच्या हक्काच्या जागी जाऊन बसली आहे. परंतु गंमत अशी की, देवनागरीच्या घरातही पुन्हा सामान्य आणि विशेष अशी वाटणी झालेली आहे. हिंदीला जे लागते ते सामान्य. आणि हिंदीला जे लागत नाही, पण ज्यावाचून मराठीचे एक पान हलत नाही, ते विशेष. ‘ळ’ विशेष. ‘वऱ्हाड’ मधला आणि ‘किनाऱ्या’वरचा तो अर्धचंद्राकृती अर्धा र विशेष. ‘ॲ’ विशेष. पुण्यात किंवा साताऱ्यात बसून लिहिणाऱ्याला हे फारसे जाणवत नाही. आपल्याला इथे भिलाईत ते रोज जाणवते.

हिंदीविषयी माझी तक्रार नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. या भूमीने आपल्याला अन्न दिले आहे, आणि हिंदी ही आपल्या मुलांची अर्धी मातृभाषा आहे. छत्तीसगडात मराठी माणसाने हिंदीची जी सेवा केली तिचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे दोन्ही ग्रंथ हिंदीत नेले. त्या हिंदी जगात लोकमान्यांचे नाव ‘बाल गंगाधर तिलक’ असे झाले. एका नावातले दोन ळ गेले, आणि जाताना ट देखील बरोबर नेला! यात कोणाचा दुष्टावा नाही. हिंदीच्या जिभेवर जे अक्षर नाही ते तिच्या लेखणीतही उतरले नाही, इतकेच. उलट पाहावे तर आपणही ‘छत्तीसगढ़’ या शब्दातील ढ खालचे टिंब टाकून सरळ ‘छत्तीसगड’ लिहितो, आणि त्यावर छत्तीसगढ़ी माणूस कधी रुसल्याचे ऐकिवात नाही.

तथापि सवयीने झालेला बदल वेगळा आणि अजाणता झालेला लोप वेगळा. ‘ळ’ चेच पाहा. हे काही आडगावचे अक्षर नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताच्या पहिल्या ऋचेत ते आहे. अभिजात संस्कृतने ते सोडले. मराठीने, गुजरातीने, राजस्थानीने, ओडियाने आणि दक्षिणेच्या भाषांनी सांभाळले. म्हणजे भिलाईहून पूर्वेकडे गाडीत बसून संबलपूरला उतरले की ळ आहे, पश्चिमेकडे गोंदियाला उतरले की ळ आहे. मधल्या पट्ट्यातच तेवढा तो नाही. आणि आपली वस्ती नेमकी त्या मधल्या पट्ट्यात. ळ च्या जागी ल घातला की शब्द नुसता विद्रूप होत नाही, तो दुसराच होऊन बसतो. वेळ आणि वेल, काळ आणि काल, गाळ आणि गाल, माळ आणि माल, नाळ आणि नाल. घरात बोलताना प्रसंगावरून अर्थ कळतो. कागदावर, आणि त्यातही नावाच्या बाबतीत, प्रसंग मदतीला येत नाही. ‘मुळे’ हे आडनाव ‘मुले’ असे छापले की वाचणाऱ्याला वाटते, पुढे मुलांची नावे यायची आहेत.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी सभासदांच्या नामावलीचा जो पहिला खर्डा तयार झाला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात काळ्यांचे काले झाले होते, दळव्यांचे दलवी. आणि एका दाते कुटुंबाला तर यंत्राने चक्क ‘डेट’ करून टाकले होते. हे कसे घडते ते सांगतो. नावे मुळात इंग्रजी अक्षरांत नोंदलेली असतात. इंग्रजीत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच. मग ती नावे यंत्राच्या साहाय्याने देवनागरीत आणली जातात, आणि यंत्र हिंदीच्या सवयीने जे अक्षर अधिक संभवनीय ते घालते. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत अशा दोन प्रवासांत जे सामान हरवले त्याची पावती कोणाजवळच नसते. आपल्या वसाहतीतील एका कुटुंबात आजोबांच्या, वडिलांच्या आणि नातवाच्या कागदांवर एकाच आडनावाची तीन रूपे आहेत. नातू शिक्षणासाठी महाराष्ट्रात गेला तेव्हा, आपण या आजोबांचे नातू आहोत, हे त्याला प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागले.

हे दुःख केवळ आपलेच आहे असेही नव्हे. भिलाईच्या जुन्या मंडळींना रशियन लोकांचा सहवास घडलेला आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात आलेल्या अभियंत्यांच्या आणि दुभाषांच्या भाषेत एक अक्षर आहे: इंग्रजी ई सारखे दिसणारे, पण डोक्यावर दोन टिंबे असलेले. त्याचा उच्चार ‘यो’ असा होतो. रशियन छपाईत ही टिंबे देण्याचा बहुधा कंटाळा केला जातो, आणि मग ‘यो’ चा ‘ये’ होतो. करार झाला त्या वेळी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख असलेल्या गृहस्थांना आपण आणि सगळे जग ‘ख्रुश्चेव्ह’ म्हणतो. त्यांच्या घरचा उच्चार ‘ख्रुश्चोफ’ च्या जवळचा. पुढच्या ‘गोर्बाचेव्ह’ यांचीही हीच कथा. दोन टिंबे गाळल्यामुळे एका महासत्तेच्या दोन सत्ताधीशांची नावे जगभर बदलली. रशियात आजही बापाच्या कागदावर टिंबे आणि मुलाच्या कागदावर ती नाहीत, यावरून वारसाहक्काची आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणे अडतात.

आता त्या दुसऱ्या अक्षराकडे वळू, ज्यासाठी मी अधिक वेळ राखून ठेवला आहे. मराठीत र व्यंजन अर्धे होऊन पुढच्या अक्षराला मिळते तेव्हा त्याची दोन रूपे होतात. एक रफार: सूर्य, कार्य, धैर्य, पर्याय. दुसरे हे आडवे, पापणीसारखे: दऱ्या, पायऱ्या, खऱ्या, वाऱ्यावर, करणाऱ्या, आणि ह च्या आधी वऱ्हाड, कऱ्हाड, बऱ्हाणपूर, गऱ्हाणे, कुऱ्हाड, तऱ्हा. हा केवळ लिहिण्याचा लकबभेद नाही. ‘दर्या’ म्हणताना र् चा आघात मागच्या द वर पडतो आणि द गुरू होतो. ‘दऱ्या’ म्हणताना द लघूच राहतो. म्हणूनच दर्या हा समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. याहून सोयीचे उदाहरण आपल्या गणेशोत्सवाच्या हिशेबात सापडेल. ‘आचार्यांना दिलेले’ आणि ‘आचाऱ्यांना दिलेले’ या दोन रकमा निराळ्या खात्यांत जातात. पहिली दक्षिणा असते, दुसरी स्वयंपाकाची मजुरी. रफार आणि ही पापणी यांत घोटाळा झाला तर हिशेबतपासनिसाला तो दिसणारही नाही, आणि पंक्तीत जेवलेले आचार्य मात्र मनातल्या मनात हसतील.

हिंदीला या रूपाची गरज पडत नाही. नेपाळीला पडते, कोकणीला पडते, आणि मराठीला तर दर दोन-चार ओळींआड पडते; कारण र ने संपणाऱ्या आपल्या असंख्य नामांची आणि विशेषणांची सामान्यरूपे याच अक्षराने होतात. ज्या यंत्रावर ते उमटत नाही त्या यंत्रावर ‘करणाऱ्याला’ असे साधे पद लिहिता येत नाही.

मराठी अक्षरांची अशी अडचण यंत्रापुढे प्रथमच आली असे समजू नये. मराठीच्या आरंभीच्या छपाईचा एक भाग तर महाराष्ट्राबाहेरच पार पडला. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरात छापले गेले. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले, हुगळीच्या काठचे. तिथल्या छापखान्यासाठी अक्षरांचे साचे कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे दोघेही बंगाली लोहारकुळातले कारागीर. म्हणजे परप्रांतात परक्या हातांनी आपली अक्षरे घडावीत, हा योग आपल्या भाषेच्या पत्रिकेत आरंभापासून आहे. पुढे मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या तिथल्या खिळ्यांचे वळण इतके डौलदार निघाले, की संस्कृत ग्रंथांसाठी सगळा देश त्या खिळ्यांकडे पाहू लागला. आज हिंदीत जे अ, झ आणि ण प्रमाण मानले जातात ते मुंबई वळणाचे आहेत. उत्तरेची जुनी वळणे मागे पडली. देवघेव दोन्ही बाजूंनी झालेली आहे, हे सांगण्यासाठी हा उल्लेख केला. ज्यांना या इतिहासात खोल जायचे असेल त्यांनी बापूराव नाईक यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा ग्रंथ अवश्य पाहावा. शासकीय मुद्रणालयाच्या संचालकाने इतक्या प्रेमाने खिळ्यांविषयी लिहावे, हे मला फार विलोभनीय वाटते.

जुन्या छापखान्यात जुळाऱ्यापुढे शेकडो घरांच्या पेट्या असत. ज्या जोडाक्षराचा खिळा हवा तो घरातून उचलायचा; नसला तर दोन तुकडे जोडून भागवायचे. विशेष अक्षर म्हणजे त्याच्या लेखी हाताला जरा दूर पडणारे घर, एवढेच. टंकलेखन यंत्राने ही चैन संपवली. त्याच्या कळा मोजक्या, शिफ्ट धरून सुमारे नव्वद खुणा. तेवढ्यांत बाराखडी, जोडाक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे बसवायची. मग युक्त्या निघाल्या. अक्षराचे अर्धे रूप कळेवर ठेवायचे आणि काना मारून ते पूर्ण करायचे. काही मात्रांच्या कळा अशा करायच्या की त्या दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नाही. लिपीच बदलून यंत्राजोगी करावी, असेही प्रयत्न झाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारली; १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे आणण्याचे ठरविले, पण लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच तो निर्णय बाजूला पडला. त्या पिढीने यंत्रासाठी लिपीला मुरड घालण्याची तयारी दाखवली, कारण तेव्हा यंत्र खरोखरच हट्टी होते.

संगणक हट्टी नाही. हा मुद्दा मला ठसवायचा आहे. १९८० च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम चालले त्यात मोहन तांबे हे मराठी अभियंते अग्रभागी होते, आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये, जिची स्थापना १९८८ ची, ते ‘जिस्ट’ या नावाने नांदू लागले. त्या विचाराचा गाभा असा: सर्व भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच; म्हणून प्रत्येक वर्णाला एक क्रमांक द्यावा, आणि तो देवनागरीत दाखवायचा की तेलुगूत, हे यंत्राने पाहावे. टंकलेखन करणाऱ्याने वर्ण सांगायचे. त्यांचे जोडाक्षर कसे दिसते ही यंत्राची काळजी. या सामाईक तक्त्यात दक्षिणेच्या भाषांसाठी काही जादा घरे ठेवावी लागली. तमिळ आणि मलयाळम् यांत एक कठोर र आहे. तो देवनागरीत दाखविण्यासाठी र खाली टिंब देऊन ‘ऱ’ असे अक्षर ठेवले गेले. हाच तक्ता १९९१ पासून युनिकोड या जागतिक क्रमांकनाचा आधार झाला, आणि आपल्या पापणीसारख्या र ला तिथे स्वतंत्र घर मिळाले नाही. त्याला या दाक्षिणात्य ऱ च्या घरी बिऱ्हाड थाटावे लागले. ऱ चा पाय मोडला आणि पुढे य किंवा ह आला की मराठीचे ऱ्य, ऱ्ह उमटते. भाडेकरू आपण, घरमालक तमिळ. आणि इतक्या वर्षांत एकदाही कुरबूर नाही. भिलाईच्या वसाहतीत राहणाऱ्यांना याचे नवल वाटू नये!

आता हातांनी करायच्या गोष्टी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इन्स्क्रिप्ट’ नावाचा कळफलक प्रमाण ठरविला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी त्याची शास्त्रशुद्ध रचना. त्यात इंग्रजी ‘एन’च्या कळेवर ल आहे, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ळ. इंग्रजी ‘जे’वर र आहे, शिफ्टसह ऱ. ‘डी’वर पाय मोडण्याची खूण. म्हणजे ‘दऱ्या’ लिहायचे तर द, मग शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग य आणि काना. शिफ्ट विसरलात तर डोंगराचा समुद्र होईल. बोटांना हे वळण लागायला एक आठवडा पुरतो, आणि आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्यांना दोन.

ज्यांना कळफलक शिकण्याचा उत्साह नाही त्यांच्यासाठी एक आडवाट सांगतो. ‘वर्ड’ या सर्वपरिचित शब्दलेखकात अक्षराचा क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहावा आणि लगेच ‘आल्ट’ व ‘एक्स’ या कळा एकत्र दाबाव्यात. त्या आकड्याच्या जागी अक्षर प्रकट होते. ळ चा क्रमांक ०९३३, ऱ चा ०९३१, ॲ चा ०९७२. नामावलीत वीस ठिकाणी ळ घालायचा असेल तर ही वाट पुरेशी आहे. निबंध लिहायला मात्र ती उपयोगाची नाही. त्यासाठी रीतसर कळफलकच हवा. भ्रमणध्वनीवर तर काम याहून सोपे. यादीतून हिंदीऐवजी मराठी कळफलक निवडला की झाले. आपल्या घरांतील बहुतेक फोनांवर हिंदी निवडलेली असते, कारण फोन घेताना दुकानदाराने तीच लावून दिलेली असते.

ही निवड केवळ अक्षरांपुरती नाही. शब्दलेखकात मजकुराची भाषा म्हणून ‘मराठी’ असे नोंदले नाही, तर यंत्र हिंदीच्या शब्दसंग्रहाने आपला मजकूर तपासते आणि ओळीच्या ओळी तांबड्या रेघांनी रंगवते. मग लिहिणारा वैतागून तपासणीच बंद करतो, आणि खऱ्या चुकाही तशाच राहतात. शिवाय ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरविले. काही नव्या टंकांत दोन्ही वळणे एकाच क्रमांकाखाली साठवलेली असतात, आणि मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हाच मराठी वळण बाहेर येते. मला स्वतःला यात फार आग्रह नाही. हिंदी वळणाचा ल वाचताना माझा घास अडत नाही. परंतु लहान मुलांच्या शुद्धलेखनाच्या पाटीवर एक वळण आणि मंडळाच्या पत्रिकेत दुसरे, हे टाळता आले तर बरे.

‘ॲ’ ची कथा थोडक्यात सांगतो. ‘बँक’, ‘गॅस’ यांतली चंद्राकार मात्रा सुरुवातीपासून होती. पण शब्दारंभी ‘ॲसिड’, ‘ॲल्युमिनियम’ लिहायचे तर अ वर चंद्र असलेले अक्षर युनिकोडमध्ये २००८ पर्यंत नव्हते. ए वर चंद्र दिलेले होते, ते मराठीचे नव्हे. लोक अ लिहून वर मात्रा ठेवीत, आणि पुष्कळ यंत्रांवर दोहोंच्या मध्ये एक तुटक वर्तुळ उमटे. जणू यंत्र विचारीत आहे की, हे काय लिहिता? आता ०९७२ हे हक्काचे घर आहे. रुपयाचे चिन्हही असेच नवे. १५ जुलै २०१० रोजी ते मान्य झाले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात युनिकोडमध्ये दाखल झाले. उदय कुमार यांनी ते आपल्या र वरूनच बेतले आहे. इंग्रजी-भारत हा कळफलक असेल तर उजवा ‘आल्ट’ धरून चाराची कळ दाबावी.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आपली पापणी दोन रीतींनी लिहिता येते. एक मघाशी सांगितलेली, ऱ ची. दुसरी जुनी: साधा र, त्याचा पाय मोडून पुढे ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचे एक अदृश्य चिन्ह, आणि मग य. नेपाळी लोक बहुधा या दुसऱ्या रीतीने लिहितात. मराठीतही जुन्या मजकुरात ती सर्रास आढळते. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी. पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. नामावलीत एक वऱ्हाडपांडे एका रीतीने आणि दुसरे वऱ्हाडपांडे दुसऱ्या रीतीने लिहिले गेले, तर शोधताना पुष्कळदा एकच सापडतात. दुसरे नजरेसमोर असूनही यंत्राला दिसत नाहीत. शिवाय काही आज्ञावली अदृश्य चिन्हे कचरा समजून झाडून टाकतात. मग पापणी गळते, रफार डोक्यावर चढतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. म्हणून माझी चिटणीसांना विनंती आहे की, स्मरणिकेचे सर्व लेखन पहिल्या रीतीने व्हावे, आणि बाहेरून आलेल्या मजकुरातली दुसरी रीत ‘शोधा आणि बदला’ या सोयीने एकदाच बदलून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

अनुक्रमाविषयी एक प्रश्न आला होता, त्याचे उत्तर जाता जाता देतो. आपल्या वर्णमालेत ळ चे स्थान ह नंतर आहे; युनिकोडच्या क्रमांकांत तो ल च्या लगेच पुढे बसलेला आहे. यंत्राने नुसत्या क्रमांकांवरून नावे लावली तर ‘काळे’ हे ‘काशीकर’ यांच्या आधी येतात. आपल्या कोशांच्या पद्धतीने ते नंतर यायला हवेत. मानापमानाचा प्रश्न नाही, पण यादीत नाव शोधताना हे ध्यानात असू द्यावे.

आता शेवटचे आणि मला सर्वांत निकडीचे वाटणारे काम. युनिकोड घरोघरी पोहोचण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत जुळवला जाई. त्यांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागा अडवून बसलेली असत. तो विशिष्ट टंक यंत्रावर असेल तोवर पान मराठी दिसे; टंक काढला की त्याच पानावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक खिचडी. आपल्या मंडळाच्या त्या काळातील वार्षिकांकांच्या ज्या धारिका कपाटातील तबकड्यांवर आहेत, त्या सर्व या प्रकारच्या. त्यांत दिवंगत सभासदांच्या आठवणी आहेत, या वसाहतीत पहिला गणपती बसला त्या वर्षाची हकीकत आहे, ज्येष्ठ भगिनींनी सांगितलेल्या ओव्या आणि उखाणे आहेत. तबकड्या जुन्या होत चालल्या आहेत, आणि त्या वाचणारी यंत्रे बाजारातून नाहीशी झाली आहेत. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये मजकूर आणणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत, आणि त्या बऱ्यापैकी काम करतात. पण त्यांना हिंदीच्या नमुन्यांची सवय अधिक असल्यामुळे नेमक्या ऱ्य आणि ऱ्ह पाशी अडखळतात. म्हणून प्रत्येक पान मूळ छापील अंकाशेजारी ठेवून डोळ्यांनी तपासावे लागेल. चिटणीसांनी रविवारी सकाळी दहा ते बारा ग्रंथालयातील दोन संगणक या कामासाठी मोकळे ठेवण्याचे मान्य केले आहे. ज्यांच्या घरी जुने छापील अंक असतील त्यांनी ते आणावेत, परत मिळतील. आणि ज्यांना मराठी वाचता येते पण संगणक येत नाही अशांनीही अवश्य यावे, कारण एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, अशीच ही तपासणी व्हायची आहे.